राइडिंग मोअरच्या बॅटरीचे भारण व जंप स्टार्ट

राइडिंग मोअर म्हणजे चालकाने आसनावर बसून चालवायचे गवतकापणी यंत्र. अशा यंत्राचे पेट्रोल एंजिन सुरू करण्यासाठी बहुधा १२ व्होल्टची लहान शिसे-आम्ल बॅटरी वापरतात. बॅटरी उतरल्यावर तिच्यात चार्जरच्या साहाय्याने पुन्हा वीज भरणे यास भारण किंवा चार्जिंग म्हणतात. दुसऱ्या बॅटरीची वीज काही क्षणांपुरती उसनी घेऊन एंजिन सुरू करणे यास जंप स्टार्ट असे म्हणतात. ही दोन्ही कामे साध्या साधनांनी घरच्या घरी होतात. मात्र भारणाच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो, बॅटरीत सल्फ्युरिक आम्ल असते आणि तिच्या टर्मिनलांमध्ये धातूची वस्तू अडकल्यास ती वस्तू क्षणार्धात लाल होईपर्यंत तापू शकते. या कामांत पाळावयाचा क्रम या तीन गोष्टींवरून ठरलेला आहे. तो चुकल्यास बॅटरीचा स्फोट होऊन डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते.

वापर व पार्श्वभूमी

गवत कापण्याचे पहिले यंत्र एडविन बडिंग या इंग्लिश अभियंत्याने १८३० मध्ये तयार केले. ते माणसाने ढकलण्याचे होते. बसून चालवायची एंजिनयुक्त यंत्रे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत लोकप्रिय झाली. त्या काळात शहरांच्या उपनगरांत मोठे अंगण असलेली घरे झपाट्याने उभी राहिली आणि अंगणातील हिरवळ नेमाने कापणे हा घरमालकाच्या कर्तव्याचा भाग मानला जाऊ लागला. १९६१ मध्ये बाजारात आलेला कब कॅडेट आणि १९६३ मधील जॉन डियर ११० हे या वर्गातील गाजलेले लहान ट्रॅक्टर होत. आज अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व ब्रिटन या देशांत ही यंत्रे घरोघरी आढळतात. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही त्यांचा परिचय आहे. भारतात ती मुख्यतः गोल्फची व क्रिकेटची मैदाने आणि मोठी उद्याने यांपुरती मर्यादित आहेत.

थंड प्रदेशात गवत कापण्याचा हंगाम वसंत ऋतूत सुरू होतो व शरद ऋतूत संपतो. मधल्या चार-पाच महिन्यांत यंत्र गॅरेजमध्ये पडून राहते. त्यामुळे बॅटरी उतरल्याचे बहुधा वसंतातील पहिल्या कापणीच्या दिवशीच लक्षात येते. स्कूटर किंवा जीप जशी धक्का देऊन सुरू करता येते, तसे येथे करता येत नाही. आजच्या बहुतेक राइडिंग मोअरमध्ये एंजिनाची शक्ती चाकांना तेलाच्या दाबाने पोहोचवली जाते. असे यंत्र ढकलल्याने चाके फिरली, तरी एंजिन फिरत नाही. साहजिकच भारण किंवा जंप स्टार्ट हे दोनच मार्ग उरतात.

बॅटरीची रचना व कार्य

शिसे-आम्ल घट फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केला. पुन्हा पुन्हा भरता येणारा हा पहिला विद्युत घट होय. अशा घटास शास्त्रीय मराठीत संचायक घट म्हणतात. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी शिशाच्या पट्टिकांवर शिशाच्या संयुगाचा लेप देण्याची पद्धत शोधली आणि त्यामुळे घटाची धारकता पुष्कळ वाढली. आजच्या बॅटऱ्या मूलतः याच पद्धतीने बनतात.

१२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घट एकसरीत जोडलेले असतात. प्रत्येक घटाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो. घटातील धन पट्टिकेवर शिशाचा डायऑक्साइड, ऋण पट्टिकेवर सच्छिद्र शिसे आणि दोहोंच्या मध्ये पातळ सल्फ्युरिक आम्ल असते. बॅटरीतून वीज घेतली जाते तेव्हा दोन्ही पट्टिकांवर शिशाचे सल्फेट जमते व आम्लाचे हळूहळू पाणी होत जाते. भारणात ही क्रिया उलट दिशेने घडते. म्हणूनच द्रवाची सापेक्ष घनता हा बॅटरी किती भरली आहे याचा विश्वासार्ह निर्देशक ठरतो. पूर्ण भरलेल्या बॅटरीत ती सुमारे १.२६५ असते आणि बॅटरी उतरते तशी ती पाण्याच्या घनतेकडे झुकते.

अमेरिकेतील बहुतेक राइडिंग मोअरमध्ये यू१ या प्रमाण आकाराची बॅटरी बसते. ती सुमारे २० सेंमी. लांब, १३ सेंमी. रुंद व १८ ते १९ सेंमी. उंच असते. तिचे यू१एल व यू१आर असे दोन उपप्रकार आहेत. टर्मिनले आपल्या बाजूला येतील अशी बॅटरी समोर धरली असता पहिल्यात धन टर्मिनल डावीकडे, तर दुसऱ्यात उजवीकडे येते. हा भेद क्षुल्लक वाटतो, परंतु नवीन बॅटरी घेताना नेमका येथेच गोंधळ होतो. चुकीचा उपप्रकार आणला की यंत्रातील केबली पोहोचत नाहीत. मग कोणी बॅटरी उलटी फिरवून बसवतो आणि धन-ऋण यांची अदलाबदल होऊन बसते. अशा उलट जोडणीत फ्यूज उडतो आणि पुष्कळदा दाबनियामकातील डायोडही जळतात.

या बॅटरीची धारकता साधारणतः १८ ते ३५ अँपिअर-तास असते. मोटारगाडीची बॅटरी सामान्यतः ४० ते ७० अँपिअर-तासांची आणि महाराष्ट्रातील घरांत इन्व्हर्टरला जोडलेली बॅटरी १०० ते २०० अँपिअर-तासांची असते. तिघींचा दाब १२ व्होल्टच, रसायनही तेच. फरक आहे तो साठ्याचा आणि किती वेगाने भारण सोसते याचा. मोटारीच्या बॅटरीला सहज पेलणारा प्रवाह मोअरच्या बॅटरीला तापवतो.

बॅटरीवर थंडीतील आरंभप्रवाहाचा आकडाही छापलेला असतो. उणे १८ अंश सेल्सिअस तापमानाला, दाब ७.२ व्होल्टच्या खाली न जाता, ३० सेकंद टिकवता येणारा प्रवाह असा त्याचा अर्थ आहे. यू१ आकारात हा आकडा १६० ते ३५० अँपिअरच्या दरम्यान आढळतो.

यंत्रातील भारणव्यवस्था

लहान एंजिनात फ्लायव्हीलच्या आतील बाजूस चुंबके व त्यांखाली तारेची स्थिर वेटोळी असतात. एंजिन फिरू लागले की वेटोळ्यांत वीज निर्माण होते आणि डायोड किंवा दाबनियामक यांतून ती बॅटरीला मिळते. या व्यवस्थेची क्षमता बेताचीच असते. साध्या यंत्रांत ती ३ अँपिअर, तर मोठ्या यंत्रांत १५-१६ अँपिअरपर्यंत असते. त्यातूनच दिव्यांना व पाते जोडणाऱ्या विद्युत क्लचला वीज द्यावी लागते. त्यामुळे पूर्ण उतरलेली बॅटरी तासाभराच्या गवतकापणीत भरून निघेल ही अपेक्षा व्यर्थ असते. जंप स्टार्ट करून सुरू केलेले यंत्र दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद पडते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

अनेक एंजिनांत ठिणगी मॅग्नेटोने निर्माण होते आणि तिला बॅटरी लागत नाही. एकदा सुरू झालेले असे एंजिन बॅटरी उतरलेली असतानाही चालत राहते. याचा आधार घेऊन चालू एंजिनाची बॅटरी काढून घेणे मात्र चुकीचे आहे. बॅटरी हा त्या परिपथातील स्थिर भार असतो. तो नाहीसा झाला की दाब एकदम चढतो आणि नियामक किंवा विद्युत क्लच बिघडू शकतो.

दोष बॅटरीचाच आहे का?

चावी फिरवल्यावर केवळ ‘टक’ असा आवाज येऊन एंजिन न फिरणे हे उतरलेल्या बॅटरीचे परिचित लक्षण आहे, पण ते तिचे एकटीचे नाही. टर्मिनलांवर साचलेला पांढरट-निळसर क्षार, सैल झालेला बोल्ट, सांगाड्याला जोडलेल्या ऋण केबलीच्या टोकाचा गंज किंवा सोलेनॉइडचे झिजलेले संपर्क यांमुळेही हेच घडते. चावी फिरवल्यावर काहीच आवाज येत नसेल, तर आधी सुरक्षा-स्विच तपासावेत. आसनावर चालक नसणे, ब्रेकचे पेडल पूर्ण दाबलेले नसणे किंवा पाते जोडलेले असणे, यांपैकी कोणत्याही स्थितीत यंत्र मुद्दामच सुरू होऊ दिलेले नसते.

आणखी एक कारण सहसा ध्यानात येत नाही. एकदंडगोली एंजिनात सुरुवातीचा दाब सैल करणारी एक यंत्रणा असते. झडपांचे अंतर वाढले की ती नीट काम करीत नाही. मग स्टार्टर अर्धा फेरा फिरून अडतो आणि दोष बॅटरीच्या माथी मारला जातो. नवीन बॅटरी आणूनही फरक पडत नाही, तेव्हा कोठे झडपांकडे लक्ष जाते.

तपासणीसाठी मल्टिमीटर पुरेसा आहे. भारणानंतर काही तास स्वस्थ ठेवलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट किंवा किंचित अधिक असल्यास ती पूर्ण भरलेली समजतात. १२.४ व्होल्टला सुमारे तीन चतुर्थांश, १२.२ व्होल्टला निम्मी आणि १२ व्होल्टला जेमतेम पाव भरलेली असते. ११.९ व्होल्टच्या खाली ती उतरलीच म्हणावयाची. दीर्घ भारणानंतरही दाब १०.५ व्होल्टच्या आसपास अडकून राहत असेल, तर सहांपैकी एक घट निकामी झाला असण्याचा संभव मोठा असतो. अशी बॅटरी भरत बसू नये, कारण उरलेल्या पाच घटांवर चार्जरचा सगळा दाब पडतो व ते तापतात. स्थिर दाब चांगला असूनही स्टार्टर फिरवताना तो ९.६ व्होल्टच्या बराच खाली कोसळत असेल, तर बॅटरी जीर्ण झालेली असते.

धोक्यांचे स्वरूप

बॅटरी पूर्ण भरत आली की येणारी वीज सल्फेटाचे रूपांतर करण्याऐवजी पाण्याचे विघटन करू लागते. घटाचा दाब सुमारे २.४ व्होल्टच्या, म्हणजे बॅटरीचा १४.४ व्होल्टच्या, पुढे गेला की ही क्रिया जोर धरते. ऋण पट्टिकेवर हायड्रोजन व धन पट्टिकेवर ऑक्सिजन सुटतो. हायड्रोजनाला रंग नाही, वास नाही. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांपासून सुमारे ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असले, तरी मिश्रण पेट घेऊ शकते. त्यासाठी मोठ्या ज्वालेची गरज नसते. चिमटा टर्मिनलला लावताना उडणारी बारीक ठिणगी पुरते. बाहेरचे मिश्रण पेटले की ज्योत झाकणाच्या छिद्रातून आत शिरते, घटावरच्या पोकळीतला वायू फुटतो आणि प्लॅस्टिकचे तुकडे व आम्ल वरच्या दिशेने उडते. वर वाकून पाहणाऱ्याचा चेहरा नेमका तेथेच असतो.

पुष्कळ राइडिंग मोअरमध्ये बॅटरी आसनाखालील खोबणीत असते, काहींमध्ये पुढच्या झाकणाखाली असते. दोन्ही जागा कोंदट. हायड्रोजन हवेहून खूप हलका असल्याने मोकळ्या जागी तो चटकन वर निघून जातो. आसन खाली पाडून ठेवले तर तो तेथेच साठतो. अमेरिकेतील घरांचा एक विशेष येथे सांगितला पाहिजे. तेथे पाणी तापवण्याचा गॅसवरील बंब पुष्कळदा गॅरेजमध्येच असतो व जुन्या बंबांत एक लहान ज्योत अखंड तेवत असते. पेट्रोलचा डबा, मोअर आणि भारणाला लावलेली बॅटरी ही सारी त्याच खोलीत असतात.

बॅटरीतील आम्ल कपड्यांना भोके पाडते, त्वचा भाजते आणि डोळ्यांत गेल्यास दृष्टी घालवू शकते. डोळ्यांत आम्ल उडाल्यास पापण्या उघड्या धरून स्वच्छ वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटे डोळे धुवावेत आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. खाण्याचा सोडा आम्ल निष्क्रिय करतो, पण तो जमिनीवर किंवा धातूवर सांडलेल्या आम्लासाठी आहे. डोळ्यांत तो कधीही घालू नये.

बारा व्होल्टच्या दाबाने कोरड्या त्वचेला झटका बसत नाही, यामुळे बॅटरीविषयी एक प्रकारची बेफिकिरी निर्माण होते. धोका झटक्याचा नसून प्रवाहाचा आहे. धन टर्मिनल व सांगाडा यांच्यामध्ये पाना अडकला, तर शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो. त्याच जागी अंगठी, बांगडी किंवा घड्याळाचा पट्टा असेल, तर भाजण्याची जखम हाडापर्यंत जाऊ शकते. काम सुरू करण्यापूर्वी अंगावरील धातूच्या वस्तू उतरवाव्यात. सुरक्षा-चष्मा आणि हातमोजे यांना पर्याय नाही.

चार्जरने भारण

घाई नसल्यास चार्जर हाच योग्य मार्ग होय. यंत्र बंद करून चावी काढावी. शक्य असल्यास बॅटरी बाहेर काढून हवेशीर जागी ठेवावी. काढताना ऋण केबल आधी सोडवतात व बसवताना ती सर्वांत शेवटी जोडतात. यंत्राचा सारा धातूचा सांगाडा ऋण टर्मिनलला जोडलेला असतो. त्यामुळे ऋण केबल जोडलेली असताना धन टर्मिनलवर पाना चालवला आणि तो सांगाड्याला टेकला, तर परिपथ पूर्ण होऊन ठिणग्या उडतात. ऋण केबल आधी सोडवलेली असेल, तर तोच पाना टेकूनही काही होत नाही.

फुगलेली, तडा गेलेली, गळणारी किंवा गोठलेली बॅटरी भारणाला लावू नये. भरलेल्या बॅटरीतील आम्ल उणे ६० अंशांच्या आसपासही सहसा गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीत मात्र जवळजवळ पाणीच उरते व ते उणे ७ ते १० अंशांनाच गोठू लागते. गोठलेल्या बॅटरीतून प्रवाह सोडल्यास ती फुटू शकते. ती उबदार जागी आणून पूर्ण वितळू द्यावी, मग आवरणाला चीर आहे का हे पाहावे.

झाकणे काढता येण्यासारखी असतील, तर पाण्याची पातळी पाहावी. पट्टिका उघड्या पडल्या असल्यास त्या बुडतील इतकेच ऊर्ध्वपातित पाणी घालावे व उरलेली भर भारणानंतर घालावी, कारण भारणात द्रव फुगतो. नळाचे पाणी चालत नाही, त्यातील क्षार पट्टिकांना अपाय करतात. आम्ल तर कधीच घालू नये. बॅटरीतून उडून जाते ते पाणी. आम्ल आतच राहते.

भारणाचा प्रवाह धारकतेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास ठेवण्याचा जुना संकेत आहे. ३० अँपिअर-तासांच्या बॅटरीला तो ३ अँपिअर येतो. निम्मी उतरलेली अशी बॅटरी भरण्यासाठी १५ अँपिअर-तास लागतात. भारणातील क्षय धरून हिशेब १८ अँपिअर-तासांपर्यंत जातो. २ अँपिअरचा चार्जर हे काम सुमारे नऊ तासांत, म्हणजे एका रात्रीत, करतो. मोटारींसाठीच्या जुन्या चार्जरांवर ४०-५० अँपिअरची ‘स्टार्ट’ किंवा ‘बूस्ट’ अशी कळ असते. ती मोअरच्या बॅटरीसाठी नाही.

जोडणीचा क्रम सोपा आहे. चार्जर भिंतीवरील विजेला न जोडता लाल चिमटा धन टर्मिनलला व काळा चिमटा ऋण टर्मिनलला लावावा आणि मगच चार्जर सुरू करावा. बॅटरी यंत्रातच ठेवून भारण करायचे असेल, तर काळा चिमटा बॅटरीपासून दूर, सांगाड्याच्या उघड्या धातूला लावणे बरे. भारण संपल्यावर आधी चार्जर विजेपासून अलग करावा व मग चिमटे काढावेत. ठिणगी पडायचीच असेल, तर ती बॅटरीपासून दूर, भिंतीवरच्या स्विचमध्ये पडावी एवढाच या क्रमाचा हेतू आहे. बॅटरी हाताला गरम लागल्यास किंवा सडक्या अंड्यासारखा वास आल्यास भारण थांबवून खोलीत हवा खेळू द्यावी. तो वास हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा असतो.

आधुनिक स्वयंचलित चार्जर दाब सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत नेतो, प्रवाह घटला की तो १३.५ व्होल्टच्या आसपास उतरवून बॅटरी भरलेली राखतो. फार खोल उतरलेली बॅटरी असा चार्जर ओळखतच नाही आणि भारण सुरू करीत नाही. अशा वेळी काही जण तिला दुसरी भरलेली बॅटरी समांतर जोडून चार्जरला चकवतात. ही युक्ती पुष्कळदा साधते. पण इतक्या खोल उतरलेल्या जुन्या बॅटरीत पट्टिकांवरचे सल्फेट बहुधा कठीण झालेले असते आणि ती फार काळ तग धरत नाही. तिची दुकानात चाचणी करून घेणे अधिक शहाणपणाचे.

जंप स्टार्ट

जंप स्टार्टसाठी वीज देणारी बॅटरीही १२ व्होल्टचीच असली पाहिजे. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अमेरिकी मोटारी व काही जुने ट्रॅक्टर ६ व्होल्टचे असत. त्यांतील काहींत, उदाहरणार्थ फोर्ड ८एन या ट्रॅक्टरमध्ये, धन टर्मिनल सांगाड्याला जोडलेले असे. भारतातील बहुतेक ट्रक व बस २४ व्होल्टच्या आहेत. मैदानावरील मोअर सुरू करण्यासाठी उभ्या ट्रकची मदत घेण्याचा मोह तेथे टाळावा लागतो. काही हायब्रिड मोटारींची लहान बॅटरी दुसऱ्या वाहनाला वीज देण्यासाठी वापरू नये असे उत्पादक स्पष्टपणे सांगतात. मोअरच्या पुस्तिकेतही जंप स्टार्टला मनाई असेल, तर ती मानावी.

मोटारीची बॅटरी मोठी असल्यामुळे ती मोअरचा स्टार्टर जाळून टाकील, असा समज फार पसरलेला आहे. तो खरा नाही. स्टार्टर आपल्या गरजेपुरताच प्रवाह ओढतो आणि तो बॅटरीच्या दाबावर अवलंबून असतो, साठ्यावर नव्हे. भरलेल्या हौदातून पेला बुडवला काय किंवा घागरीतून बुडवला काय, पेल्यात पाणी तेवढेच येते. खरे भय मोटारीचे एंजिन चालू असण्याचे आहे. चालू मोटारीतील जनित्र १४ व्होल्टहून अधिक दाब राखते व सहज कित्येक दशके अँपिअर प्रवाह देऊ शकते. तो मोअरच्या उतरलेल्या लहान बॅटरीत घुसला की ती तापते आणि वायू सोडते. एवढ्याकरिता मोटारीचे एंजिन पूर्णपणे बंद ठेवावे. लहान स्टार्टर फिरवण्यास मोटारीच्या बॅटरीतील वीज पुरेशी असते. मोटार नुकतीच चालवून आणली असेल, तर काही मिनिटे थांबून मगच केबली जोडाव्यात, कारण भारणात असलेल्या तिच्या बॅटरीभोवतीही वायू असू शकतो.

दोन्ही वाहने जवळ, परंतु एकमेकांना न टेकलेली असावीत. मोअरचा ब्रेक लावलेला, पाते सुटलेले आणि आसन किंवा झाकण वर उचललेले असावे. प्रथम लाल केबलीचे एक टोक मोअरच्या उतरलेल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला लावतात व दुसरे टोक मोटारीच्या बॅटरीच्या धन टर्मिनलला. नंतर काळ्या केबलीचे एक टोक मोटारीच्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलला लावतात. शेवटचे टोक मोअरच्या बॅटरीला लावत नाहीत. ते मोअरच्या एंजिनाच्या किंवा सांगाड्याच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला, बॅटरी, पेट्रोलची टाकी आणि कार्ब्युरेटर यांपासून जमेल तितके दूर लावतात.

या शेवटच्या टोकाचे महत्त्व लक्षात घेतले की उरलेला क्रम पाठ करावा लागत नाही. पहिली तीन टोके जोडेपर्यंत परिपथ अपूर्ण असतो व ठिणगी पडत नाही. चौथे टोक टेकते त्या क्षणी भरलेल्या बॅटरीकडून उतरलेल्या बॅटरीकडे प्रवाह सुरू होतो आणि ठिणगी पडते. ती टाळता येत नाही, पण कोठे पडावी हे ठरवता येते. एंजिनाचा ठोकळा सांगाड्यामार्फत ऋण टर्मिनलला जोडलेलाच असल्याने परिपथ तेथूनही पूर्ण होतो आणि ठिणगी वायूपासून दूर राहते. केबली काढताना परिपथ तुटतो तेव्हाही ठिणगी पडते. म्हणून त्या उलट क्रमाने काढतात: आधी मोअरच्या एंजिनावरील काळा चिमटा, नंतर मोटारीवरील काळा, मग मोटारीवरील लाल व शेवटी मोअरवरील लाल.

जोडणीनंतर दोन-तीन मिनिटे थांबावे, मग आसनावर बसून नेहमीच्या रीतीने चावी फिरवावी. एका वेळी पाच सेकंदांपेक्षा अधिक स्टार्टर फिरवू नये, असे काही एंजिन-उत्पादक सांगतात. काही दहा सेकंदांपर्यंत मुभा देतात. दोन प्रयत्नांमध्ये मिनिटभर विश्रांती द्यावी. तीन-चार प्रयत्नांनंतरही एंजिन सुरू न झाल्यास दोष अन्यत्र शोधावा.

चावी फिरवूनही एंजिन दाद देत नसेल, तर सोलेनॉइडची दोन टोके पेचकसाने जोडून स्टार्टर फिरवण्याची रीत काही जण वापरतात. अशाने आसनाचा, ब्रेकचा आणि पात्याचा असे सर्व सुरक्षा-स्विच वगळले जातात. यंत्र गिअरमध्ये असल्यास ते बाजूला उभ्या माणसाच्या अंगावर चालून येते. ही रीत सर्वथा वर्ज्य होय.

मोटारीऐवजी हातात मावणारा लिथियम बॅटरीचा जंप स्टार्टरही वापरता येतो. त्यातील चांगल्या उपकरणांत उलट जोडणी झाल्यास प्रवाह रोखण्याची सोय असते. एंजिन सुरू झाल्यावर ते लगेच काढून घ्यावे. कोणत्याही मार्गाने यंत्र सुरू केले, तरी त्या दिवशीचे काम झाल्यावर बॅटरी चार्जरवर लावावीच लागते.

इतर प्रकारच्या बॅटऱ्या

ज्यात आम्ल काचतंतूंच्या थरांत शोषलेले असते अशी बंद बॅटरी अलीकडे मोअरमध्ये वाढत्या प्रमाणात दिसते. तीत पाणी घालता येत नाही. जादा दाबाने तिच्यातील पाणी एकदा उडून गेले की परत येत नाही, त्यामुळे चार्जरवरील तिच्यासाठीची स्वतंत्र निवड वापरावी. लिथियम लोह फॉस्फेटच्या पर्यायी बॅटरीला तिच्यासाठीचाच चार्जर लागतो आणि शून्य अंशाखालील तापमानात तिचे भारण करीत नाहीत. केवळ विजेवर चालणाऱ्या मोअरमध्ये ४८ किंवा त्याहून अधिक व्होल्टचा संच असतो. त्याला मोटारीची बॅटरी कधीही जोडू नये.

साठवण व विल्हेवाट

हंगामाअखेर बॅटरी पूर्ण भरून, ऋण केबल सोडवून, थंड व कोरड्या जागी ठेवतात आणि महिन्यातून एकदा दाब तपासतात. दाब १२.४ व्होल्टवर आला की भारण करावे, कारण त्याखाली फार काळ राहिल्यास सल्फेटाचे स्फटिक घट्ट होतात व पुन्हा विरघळत नाहीत. दाब स्वतः राखणारा लहान चार्जर कायम जोडून ठेवता येतो. नियामक नसलेला जुना चार्जर तसा ठेवल्यास पाणी आटते.

सिमेंटच्या जमिनीवर ठेवलेली बॅटरी उतरते, असे आजही सांगितले जाते. जुन्या काळी बॅटरीची पेटी लाकडाची किंवा कठीण रबराची असे आणि ओलसर जमिनीवर तिच्यातून थोडी गळती होई, तेव्हाची ही समजूत आहे. पॉलिप्रॉपिलीनच्या आजच्या पेटीला ती लागू होत नाही. सिमेंटवरची बॅटरी उतरते ती जमिनीमुळे नव्हे, महिनोन्महिने भारण न केल्यामुळे.

निकामी बॅटरी कचऱ्यात टाकणे घातक असते, कारण तिच्यातील शिसे माती व पाणी विषारी करते. अमेरिकेतील बहुसंख्य राज्यांत नवीन बॅटरी घेताना अनामत रक्कम आकारतात व जुनी बॅटरी परत दिल्यावर ती परत मिळते. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचे पुनश्चक्रण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. जुन्या बॅटरीतील शिसे वितळवून पुन्हा नव्या बॅटरीसाठी वापरतात.